चारशे बारा, सगळे हजर

९ जानेवारी

प्रिय मामा,

फोन केला तर तू उचलत नाहीस, आणि ऑफिसच्या मेलवर लिहिलं तर ते साहेबांच्या नजरेखालून जातं, म्हणून हे कागदी पत्र. तुझीच अट ना, "आयुष्यभर मशीनवर वाचलं, आता मला कागदावर लिहा." घे, लिहिलं. अक्षराबद्दल बोलायचं नाही.

तर तुझी भाची आता तू जिथून निवृत्त झालास त्याच नदी-नियंत्रण कार्यालयात, त्याच दुसऱ्या मजल्यावर, तुझ्याच खोलीत बसते. खुर्ची मात्र तुझी नाही. ती साहेबांनी स्वतःकडे नेली, पाठ चांगली टेकते म्हणे. मला मिळालेली डावीकडे कलते. संध्याकाळपर्यंत मीही डावीकडे कलते आणि आईला वाटतं पोरगी कामाने वाकली.

काम ऐक. पुढच्या वर्षी तुझ्या त्या जुन्या मोठ्या संगणकाच्या जागी नवं मेनफ्रेम येतंय. जुन्या मशीनवर काय काय बसवून ठेवलंय त्याची यादी करायची, त्यातलं कोण काय वापरतं, कधी वापरतं ते शोधायचं, आणि जे वापरात नाही ते नव्या मशीनवर न्यायचं नाही. त्यासाठी साहेबांनी एक सॉफ्टवेअर आणलंय. ते मशीनच्या आत बसून कुठला प्रोग्राम कोणी केव्हा चालवला ते टिपत असतं. आम्ही त्याला नोंद्या म्हणतो. साहेब म्हणतात, "डेटा बोलतो." माणसांशी बोलायचा कंटाळा असला की हे वाक्य फार उपयोगी पडतं.

यादीत चारशे बारा प्रोग्राम निघाले. नोंद्याचं म्हणणं असं की डिसेंबरात चारशे बाराच्या चारशे बारा वापरले गेले. जानेवारीतही. मामा, ज्या ऑफिसात साडेदहाला अकरापैकी चार माणसं जागेवर असतात, तिथे प्रोग्राम मात्र एकूण एक हजर. मला काही हे पटत नाही.

साहेबांनी बजावलंय की यादी निदान एक तृतीयांशाने कमी झाली पाहिजे. माझी सहा महिन्यांची उमेदवारी एकतीस मार्चला संपते. यादी कमी झाली तर मी कायम, नाही तर नमस्कार. शाळेची नोकरी सोडली तेव्हा आई आठवडाभर माझ्याशी बोलत नव्हती हे तुला माहीत आहे. परत जायला तोंड नाही. तिथे माझ्या वर्गावर दुसऱ्या बाई आल्यात आणि मुलांना त्या जास्त आवडतात.

मशीनरूममधल्या तुझ्या जुन्या ऑपरेटरला, सर्दीकाकांना, विचारून पाहिलं. इतकी वर्षं त्या गारठ्यात बसून त्यांचं नाक कायमचं वाहतंय. मी "सगळे कसे वापरात?" म्हटलं की ते शिंकतात आणि रुमाल शोधतात. तूच सांग काहीतरी.

तुझी,
चिमटा


१७ जानेवारी

चि. चिमट्यास,

आशीर्वाद. ओळी सरळ लिहीत जा. खुर्ची कलते म्हणून ओळींनीही कलायचं असा सरकारी नियम अजून निघालेला नाही.

तुमचा नोंद्या म्हणजे कानामागून आला आणि तिखट झाला. वापर म्हणजे काय, हे त्याला कोणी शिकवलं? आमच्याकडे एक शिडी आहे. दोन वर्षांत तिच्यावर कोणी चढलेलं नाही, पण तुझी मामी रोज तिच्यावर चादरी वाळत घालते. नोंद्याला विचारलं तर तो म्हणेल शिडी रोज वापरात. उलट दाराला कडी आहे, ती आम्ही लावतच नाही, तर नोंद्या म्हणेल काढून टाका. असल्या अकलेवर तुमचे साहेब नवं मशीन भरणार.

माझं ऐकशील तर सोपं आहे. सगळे हजर आहेत ना? मग लिही की सगळे वापरात आहेत, खाली सही कर आणि घरी जा. एक तृतीयांश कमी करा म्हणे. साहेबाने मनात आकडा आधी ठरवायचा आणि मग मोजायला माणूस बसवायचा, ही पद्धत माझ्या वेळीही होती. माणूस बदलतो, आकडा बदलत नाही.

आणि सर्दीला छळू नकोस. भोळा माणूस आहे. सांगितलेलं काम निमूटपणे करतो, का म्हणून विचारत नाही. त्याला वाफारा घे म्हणावं.

गुडघा दुखतो आहे. मामी म्हणते जीभ दुखली असती तर घराला आराम मिळाला असता.

तुझा,
मामा


१२ मार्च

प्रिय मामा,

दोन महिने लिहिलं नाही, कारण तुझा सल्ला मानला नाही आणि तो मानला नाही हे सांगायला काहीतरी हातात असावं असं वाटत होतं. आता आहे. नीट बसून वाच.

नोंद्या दिवस, वेळ आणि किती सेकंद चालला तेही लिहितो, हे साहेबांना माहीतच नव्हतं. त्यांनी फक्त पहिलं पान पाहिलं होतं, ज्यावर रंगीत वर्तुळ येतं. मी मागची पानं काढली. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, सकाळी अकरा दहाला, चारशे बारा प्रोग्राम एकामागून एक चालतात. वर्णक्रमाने. प्रत्येक अर्ध्या सेकंदाच्या आत उठतो आणि बसतो. काही वाचत नाही, काही लिहीत नाही, नुसतं "हजर" म्हणतो. मी सात वर्षं वर्गात हेच केलंय मामा, मला ती चाल ओळखू येणार नाही तर कोणाला?

शोधलं तर एक जॉब सापडला, म्हणजे बाकीच्या प्रोग्रामना ओळीने हाक मारणारी आज्ञांची फाइल. नावच "हजेरी". सर्दीकाका दर पहिल्या सोमवारी तो मशीनवर सोडतात. विचारलं, "काका, हे कोणी सांगितलं?" लागोपाठ सहा शिंका.

जानेवारीअखेर मी हजेरी बंद केली आणि फेब्रुवारी पूर्ण जाऊ दिला. खरंखुरं काम करणारे निघाले एकशे चव्वेचाळीस. बाकीचे दोनशे अडुसष्ट महिनाभर जागचे हललेसुद्धा नाहीत. साहेबांना एक तृतीयांश हवं होतं, मी दोन तृतीयांश दिलं. ते इतके खूश झाले की त्यांनी मला माझ्या आडनावाने हाक मारली. आजवर "त्या नव्या बाई" होते.

एकतीसला यादीवर माझी सही, आणि त्याच दिवशी माझी कायम होण्याची ऑर्डर. आईने शेजारी सांगूनही टाकलंय. मामा, खरं सांगते, इतकी खूश मी कित्येक वर्षांत नव्हते.

तुझी,
चिमटा


१५ मार्च

चिमटे,

हजेरी परत सुरू कर. यादीवर सही करू नकोस. घाईने काही काढू नये, इतकं साधं आहे हे. एक महिना म्हणजे काय पुरावा झाला? वर्षभर थांबा म्हणावं साहेबाला.

बाकी मजकूर काही नाही.

मामा


२० मार्च

प्रिय मामा,

अभिनंदनाबद्दल आभारी आहे. पत्र उघडून तीनदा वाचलं, पाठीमागेही पाहिलं, न जाणो शाबासकी तिकडे लिहिली असेल.

वर्षभर थांबा म्हणे. माझ्याकडे अकरा दिवस आहेत. कारण न सांगता "थांब" म्हणायचं असेल तर ते साहेबही म्हणतात, त्यासाठी मला तिकीट लावून पत्र कशाला पाठवायचं?

आता माझं ऐक. हजेरीचा जॉब उघडला की वरच्या तीन ओळी मशीनसाठी नसतात, माणसासाठी असतात. त्यात लिहिलंय: "ज्याला हे सापडेल त्याने आधी चहा प्यावा, मग विचार करावा आणि शेवटी हात मागे घ्यावा." न मागता सल्ला देणारा असा माणूस मी जगात एकच ओळखते, आणि त्याचा गुडघा दुखतो. हे मी जानेवारीतच वाचलं होतं. तू आपणहून सांगशील म्हणून गप्प राहिले. गेल्या पत्रात "कोणी सांगितलं" असं भोळेपणाने लिहिलं तेही मुद्दाम. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात, तू तर पंधरा तारखेला भरदुपारी दिवा लावलास.

साहेबांना हजेरी लिहिणाऱ्याचं नाव हवंय. मी अजून दिलेलं नाही. पण एकतीसला सही न करायला मला कारण लागेल, आणि ते तुझ्याकडे आहे. नाही तर मी सही करणार आणि दोनशे अडुसष्ट जाणार. मला ही नोकरी हवी आहे मामा. लाजायचं काय त्यात, हवी आहे.

चिमटा


२४ मार्च

चि. चिमट्यास,

चार दिवस कागद पुढे घेऊन बसलो होतो. मामी दोनदा विचारून गेली, मृत्युपत्र लिहिताय का.

आपलं ऑफिस खरं चालवतं ते मशीन नव्हे, धरण. हे तुला तिथे कोणी सांगणार नाही. वरून पाणी फार आलं आणि दरवाजे एकदम उघडायची वेळ आली, तर खाली कुठल्या वस्तीत पाणी किती वेळात पोहोचेल आणि आधी कोणाला निरोप द्यायचा, हे काढणारा एक प्रोग्राम आहे. पूरक्रम. चार-चार, पाच-पाच वर्षं त्याची गरज पडत नाही. गरज पडते तेव्हा वीस मिनिटांत उत्तर देतो.

बारा वर्षांपूर्वी अशीच सफाई निघाली होती. तेव्हा नोंद्या नव्हता, शेवटचा वापर कधी झाला त्याची वार्षिक यादी निघायची. यादीवर बसवलेला अतिशहाणा मीच. पूरक्रम चार वर्षांत चालला नव्हता. मी त्याच्यापुढे फुली मारली. कोणाला विचारलं नाही, कारण मला विचारायची सवय नव्हती, लोकच मला विचारत. पाच महिन्यांनी दुपारी दोन वाजता वरून पाणी सुटल्याचा फोन आला. प्रोग्राम हाक मारून येईना, तेव्हा मला आठवलं.

आम्ही नकाशे पसरून हाताने हिशेब केला. पाच तास लागले. वरच्या वस्त्यांना निरोप वेळेत गेला. सगळ्यात खाली पंपघर होतं. तिथल्या रखवालदाराला निरोप गेला तेव्हा फोन उचलायला तो नव्हता.

चौकशीत मला विचारलं, मशीनचं काय झालं? मी म्हटलं, मशीन बंद होतं. का म्हटलं? कारण ते तोंडात आलं. एकदा तोंडातून गेलं की माणूस त्याच्यामागून फरफटत जातो. मशीन बंद होतं म्हणजे ते चालू ठेवणाऱ्याची चूक, आणि त्या पाळीला सर्दी होता. त्याच्या सेवापुस्तकात ठपका पडला. पाळीप्रमुख व्हायचा तो राहिला, अजून ऑपरेटरच आहे. मला हाताने हिशेब केल्याबद्दल मानपत्र मिळालं. तेच जे तुझ्या आईने तुमच्या दिवाणखान्यात टांगलंय, आणि पाहुण्यांना दाखवते. मी दर वेळी त्याच्याकडे पाठ करून बसतो, तिला वाटतं माझा विनय.

मग मी पूरक्रम पुन्हा लिहिला, घरी बसून, आठ महिने. पुन्हा तो कोणी काढू नये म्हणून हजेरी सुरू केली. एकट्या त्याचीच लावली असती तर कोणीतरी विचारलं असतं, हाच का? आणि मग पुढचं सगळं विचारलं असतं. म्हणून सगळ्यांचीच लावली. सर्दीला सांगितलं, वरून हुकूम आहे. त्याने मान डोलावली. बिचाऱ्याला आजतागायत काही ठाऊक नाही, आणि माझ्याच सांगण्यावरून तो अकरा वर्षं दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी माझं पाप झाकतोय.

झालं. पूरक्रम ठेव, बाकी काय हवं ते काढ. सही कर आणि कायम हो. हे पत्र वाचून फाडून टाक. माझी लाज वाटत असेल तर वाटू दे, मला बारा वर्षं वाटतेच आहे.

मामा


२ एप्रिल

मामा,

पत्र फाडलं नाही. सर्दीकाकांना वाचून दाखवलं.

रागावायचं असेल तर रागाव. मशीनरूममध्ये स्टुलावर बसून अथपासून इतिपर्यंत वाचलं. ते ऐकत होते, मधे एकदा शिंकले. संपल्यावर म्हणाले, "अक्षर सुधारलंय त्यांचं." मग म्हणाले, "मला त्याच दिवशी कळलं होतं, पोरी. पूरक्रम कोणी काढला, किती वाजता काढला, हे मशीनच्या रोजच्या नोंदीत होतं. ती नोंद रोज मीच फाइलला लावतो." तुझा भोळा माणूस. बारा वर्षं तू त्यांना फसवत होतास आणि ते तुला फसवू देत होते.

आता माझं सांगते, कारण आईचा फोन तुला आलाच असेल. मी कायम झाले नाही.

एकतीसला साहेबांना म्हटलं, पूरक्रम काढता येणार नाही. ते म्हणाले, "बरं, एक ठेवा. दोनशे सदुसष्ट काढा. सही करा." पेनही पुढे केलं. इतकं सोपं होतं. बारा वर्षांपूर्वी तू एक ओळ लिहिली असतीस, "हा लागतो, काढू नये", तरी भागलं असतं, हे त्या पेनाकडे बघताना माझ्या डोक्यात आलं. तुझा मला फार राग आला.

आणि मी सही केली नाही. कारण तू सगळ्यांची हजेरी लावून ठेवलीस. खरोखर वर्षाला एकदा लागणारा कोणता, पाच वर्षांनी लागणारा कोणता आणि मेलेला कोणता, याचा अकरा वर्षांचा एकही खरा आकडा आता शिल्लक नाही. दोनशे सदुसष्टांत आणखी एखादा पूरक्रम असेल तर? तू त्या जागी बसून फुली मारलीस. मी त्याच जागी बसून तेच करू? साहेबांना म्हटलं, वर्षभर मोजू द्या. ते म्हणाले, "डेटा बोलत असताना तुम्ही मधे बोलताय." माझी उमेदवारी सहा महिन्यांनी वाढली आहे आणि मी पुन्हा "त्या नव्या बाई" आहे. आई माझ्याशी बोलत नाही.

तुझं नाव मी साहेबांना सांगितलेलं नाही. ते सांगणं माझं काम नव्हे. पण यादी तुझ्या आणि सर्दीकाकांच्या डोक्यात आहे, आणि काका तीस तारखेला निवृत्त होतायत. सोमवारी ये. तिघं बसून एकेक नाव बघू.

चिमटा


७ एप्रिल

चि. चिमट्यास,

सोमवारी येणार होतो. कपडेही घातले होते. गुडघ्याने घात केला. डॉक्टर म्हणाले जिने चढू नका, आणि तुमच्या ऑफिसची लिफ्ट मी नोकरीला लागलो तेव्हापासून दुरुस्त होते आहे. तू यादी इकडे पाठव, मी खुणा करून धाडतो.

ताईला मी समजावीन, जरा दिवस जाऊ देत.

मामा


१० एप्रिल

नमस्कार.

तुमचा गुडघा दुखतो असं पोरीने सांगितलं. माझाही दुखतो. मी रोज तेच जिने चढतो.

मला पत्रं लिहायची सवय नाही, त्यामुळे थोडक्यात लिहितो. चौकशीच्या वेळी मी बोललो नाही, कारण वाटलं तुम्ही बोलाल. पहिलं वर्ष वाट बघितली. दुसऱ्या वर्षी तुम्ही हजेरीचा जॉब घेऊन आलात, तेव्हा वाटलं आता तरी बोलाल. तुम्ही म्हणालात वरून हुकूम आहे. मग वाट बघायचीही सवय होऊन गेली. माझ्या बायकोला अजून वाटतं की त्या दुपारी मी झोपलो होतो. तिने कधी बोलून दाखवलं नाही, पण तेव्हापासून डबा देताना ती "जागे राहा" म्हणते.

माफी मागायला येऊ नका. ती मला नको. त्या रखवालदाराला मी ओळखत होतो, त्याच्या वतीने ती घ्यायचा मला अधिकारही नाही. पण दोनशे अडुसष्ट नावं आहेत. त्यातली बरीच मला माहीत आहेत, उरलेली फक्त तुम्हाला. यादी घरी पाठवून चालणार नाही, प्रत्येक प्रोग्राम उघडून बघावा लागेल आणि तो इथेच उघडतो. माझे वीस दिवस राहिलेत. मी गेल्यावर त्या मुलीला सांगणारं कोणी नाही. तिने तुमच्यामुळे कायम होण्याची संधी सोडली आहे, एवढं तुम्हाला कळत असेल.

जिन्यात प्रत्येक वळणावर बसायला जागा आहे. दम घेत घेत येता येतं.

कळावे.
(तुम्ही ज्याला सर्दी म्हणता तो)


२ मे

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. तू माझा फोन ठेवलास त्याला तीन आठवडे झाले, म्हणून लिहितो. सोबत चिमट्याला लिहिलेल्या माझ्या चोवीस मार्चच्या पत्राची नक्कल जोडली आहे. आधी ती वाच आणि मग पुढे वाच. वाचल्यावर ते मानपत्र भिंतीवर ठेवायचं की नाही हे तुझं तू ठरव. मला विचारशील तर खिळ्याला दुसरं काहीतरी लाव.

तुझी मुलगी कायम झाली नाही, कारण ती माझ्यासारखी वागली नाही. एवढंच कारण आहे. मीही याच यादीवर, याच खिडकीशी बसलो होतो, आणि मी सही केली होती.

तेरा एप्रिलला ऑफिसात गेलो. दोन जिने, चार वळणं, चारही ठिकाणी बसलो. सर्दीने मला बघून स्टूल पुढे सरकवलं आणि म्हणाला, "पहिलं नाव वाच, पोरी." कसे आहात नाही, काही नाही. पाच दिवस आम्ही तिघं त्या गारठ्यात बसलो. चिमटा नाव वाचायची, प्रोग्राम उघडायची, आम्ही सांगायचो लागतो की नाही लागत. पुष्कळदा भांडलो. निम्म्या भांडणांत तो बरोबर निघाला. तीस वर्षं मी त्याला निमूट समजत होतो. निमूट कसला, त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पूरक्रमचं नाव आलं. मी म्हटलं, साहेबांना बोलवा. साहेब आले, घड्याळात बघत. त्यांच्यासमोर मी म्हटलं की हा प्रोग्राम मी काढला होता, त्या दुपारी मशीन चालू होतं, आणि चौकशीत मी खोटं बोललो. दोनदा सांगावं लागलं. मला वाटलं होतं छत कोसळेल. साहेब म्हणाले, "ती फाइल बंद झालीय, उघडायची तर लेखी अर्ज लागेल." मी तिथेच बसून अर्ज लिहिला. सर्दीवरचा ठपका काढावा, आणि रखवालदाराच्या घरी खरं कारण कळवावं. खाली सही केली. सर्दीने अर्ज घेतला, चष्मा लावून पूर्ण वाचला, एका ठिकाणी तारीख चुकली होती ती दाखवली. मी ती सुधारली. तो म्हणाला, "पुढचं वाच." चिमटा रडत होती, तिला पुढचं नाव वाचता येईना. तेव्हा तेही त्यानेच वाचलं.

शेवटी हिशेब असा लागला. एक्केचाळीस लागतात. दोनशे तीन खुशाल टाका. चोवीस असे आहेत की ते कशाला आहेत हे आम्हा दोघांनाही सांगता येईना. त्यांच्यावर चिमटा वर्षभर लक्ष ठेवणार आहे. तुझ्या लक्षात येईल की साहेबांना हवे होते त्यापेक्षा कितीतरी जास्त निघाले. त्यांना ते सांगितलं, मुलीला कायम करा म्हटलं. ते म्हणाले, मुदतवाढीचा हुकूम निघालाय, निघालेला हुकूम मागे घ्यायची पद्धत नाही. अशी मोठमोठी डोकी ते ऑफिस चालवतात, आणि मला त्यांच्यावर हसायचाही हक्क नाही. तेव्हा सप्टेंबरपर्यंत तुझी मुलगी उमेदवारच. तिच्याशी बोल ताई. माझ्याशी नाही बोललीस तरी चालेल.

तीस तारखेला सर्दीचा निरोप झाला. पाच-सहा माणसं, एक हार, साहेबांचं भाषण. ठपका निघाल्याचा कागद अजून आलेला नाही, पण साहेबांनी सगळ्यांदेखत सांगितलं की त्या दिवशी मशीन चालू होतं. सर्दीची बायको पहिल्या रांगेत होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिली.

कार्यक्रम संपल्यावर त्याने तीन-चार जणांना घरी चहाला बोलावलं. चिमट्याला आधी. मी जिन्याच्या पहिल्या वळणावर बसलो होतो, गुडघ्याचं निमित्त करून. तो बायकोबरोबर माझ्या शेजारून उतरला, हार हातात होता. "जपून उतरा," एवढं म्हणाला आणि गेला. मला बोलावलं नाही. बरोबरच केलं त्याने.

तुझा,
धाकटा भाऊ